पन्नास टक्के, पण कशाचे?

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

चिनी वनौषधींमधल्या पॉलिसॅकराइड्सच्या औषधी गुणांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात धडधडीत खोटं असं काही नाही; असतं तर पेपर घडी करून रद्दीच्या गठ्ठ्यात सारला असता. अडचण वेगळी आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर काय दिसलं, उंदरांत काय दिसलं, जपानमध्ये पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत काय दिसलं, हे सगळं लेख एका दमात सांगतो आणि बाजारात मिळणाऱ्या कॅप्सूलांवर येऊन थांबतो. मधल्या पायऱ्या गायब. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे तो वाचक त्या पायऱ्या शोधत बसत नाही, विकणाऱ्याचा फोन नंबर शोधतो.

निवृत्त होईपर्यंत मी तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी खात्यात, होते. लेबलवर जे छापलंय तेच आणि तेवढंच आत आहे का, हे बघणं हे आमचं काम. औषधाने रुग्ण बरा होतो की नाही, हा आमचा प्रांत नव्हे. पण जे बाटलीतच नाही त्याने तो बरा होणार नाही, एवढं आम्हाला कळायचं. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर जरूर कापा, फक्त आकडे राहू द्या.

पॉलिसॅकराइड हे कुठल्याही औषधाचं नाव नाही. साखरेचे रेणू एकापुढे एक जोडले गेले की जे तयार होतं, त्या अख्ख्या गोतावळ्याचं ते नाव आहे. साबुदाण्यातला स्टार्च पॉलिसॅकराइड, कापूस पॉलिसॅकराइड, लाडवातला डिंक पॉलिसॅकराइड, पोट साफ व्हायला रात्री घेतात तो इसबगोलही बव्हंशी पॉलिसॅकराइडच. साबुदाण्याचा स्टार्च आणि कापूस तर दोन्ही निव्वळ ग्लुकोजचे. फरक फक्त जोडणीत, एकात अल्फा जोड, दुसऱ्यात बीटा. अल्फा जोड आपल्या आतड्यातली विकरं तोडतात म्हणून खिचडी पचते. कापसातला बीटा जोड तोडणारं विकर माणसाकडे नाही.

शिटाके अळिंबीतलं लेंटिनन हेही ग्लुकोजचंच. पण त्यात बीटा-1,3 जोडांची साखळी, तिला अधूनमधून बीटा-1,6 च्या फांद्या, आणि अशा तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-1 नावाचं एक प्रथिन असतं, ते नेमकी ही जोडणी ओळखतं, असं ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलं. बुरशीच्या पेशीभित्तिकेत हीच जोडणी असते. त्यामुळे शरीर समजतं की बुरशी घुसली, आणि पहारा जागा होतो. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ या गुळगुळीत वाक्यामागची गोष्ट एवढी नेमकी आहे. जोड बदलला की ती गोष्ट लागू होत नाही. (अळिंबी ही वनस्पती नव्हे, हे आठवीतल्या मुलालाही माहीत आहे, पण चिनी औषधशास्त्र झाडपाल्यासोबत तिलाही एकाच पोथीत बसवत आलं आहे, तेव्हा लेखकाला त्याबद्दल माफ.)

आता लेखात ज्या यशाचा उल्लेख आहे ते. ते यश खरं आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. जपानच्या गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी 1969 साली लेंटिनन वेगळं करून उंदरांमधल्या गाठींवर त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. 1985 मध्ये जपानने त्याला जठराच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. ती कशी? शिरेतून, आणि टेगाफुर या केमोच्या औषधासोबत. शिटाकेची भाजी खाऊन नव्हे, आणि केमोऐवजी तर अजिबात नव्हे.

त्याआधी, 1977 साली, जपानमध्येच पीएसके नावाचं औषध आलं. चीनमध्ये जिला युनझी म्हणतात, त्या झाडाच्या ओंडक्यावर उगवणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळिंबीपासून ते काढलेलं. त्यात प्रथिनाला बांधलेलं पॉलिसॅकराइड असतं. हे मात्र तोंडावाटे घ्यायचं. 1994 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या 262 रुग्णांची चाचणी आली. नुसती केमो घेतलेल्यांपैकी 60 टक्के पाच वर्षांनी हयात होते, केमोसोबत पीएसके घेतलेल्यांपैकी 73 टक्के. पुढे 2007 मध्ये आठ चाचण्यांतल्या 8,009 रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा मृत्यूचा धोका सुमारे 12 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. पहिल्या चाचणीत शंभरातले मृत्यू 40 वरून 27 वर, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते; ती मोठी तफावत अशी बरीच खाली उतरली, पण उरली. नव्या केमो औषधांच्या काळात पीएसकेचं महत्त्व ओसरलं आणि जपानमध्ये त्याची विक्री थांबली. लेखात मान्यता मिळाल्याचं आहे, विक्री थांबल्याचं नाही.

चीनमधलं सगळ्यात भक्कम काम मला हुआयरचं वाटतं. पॅगोडा वृक्षावर वाढणाऱ्या या बुरशीच्या अर्काचे दाणे गरम पाण्यात ढवळून घेतात. यकृताच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या 1,044 रुग्णांवर 39 रुग्णालयांत चाचणी झाली. 2018 मध्ये ती ‘गट’ या नियतकालिकात आली. 96 आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी 62.39 टक्क्यांना रोग उलटलेला नव्हता, न घेणाऱ्यांत हा आकडा 49.05. मोठा फरक आहे. पण दुसऱ्या गटाला दिसायला तसंच, आत काही नसलेलं औषध दिलेलं नव्हतं. कोण काय घेतंय हे सर्वांना माहीत होतं. आमच्या खात्यात अशा वेळी निकाल फाडून टाकत नसत, शेरा लिहून पुढे पाठवत.

आणि लेखाचा नायक असलेलं हुआंगछी, म्हणजे ॲस्ट्रॅगॅलसचं मूळ. कान्सू, शान्शी, आतला मंगोलिया या कोरड्या उत्तर भागात ते पिकतं. शेन्नोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वात जुन्या चिनी औषधकोशात 365 द्रव्यं तीन प्रतींत विभागली आहेत, त्यांतल्या वरच्या प्रतीत हुआंगछी येतं. चिनी घरांत त्याच्या चकत्या कोंबडीच्या सुपात पडतात. त्याच मुळातल्या पॉलिसॅकराइडचं इंजेक्शन तैवानने 2010 मध्ये मान्य केलं, तेही कर्करोग बरा करण्यासाठी नाही. वाढलेल्या कर्करोगात रुग्णाला जो गळून गेल्यासारखा थकवा येतो, त्यासाठी. ज्यांनी तो थकवा जवळून पाहिला आहे त्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाही.

या सगळ्यांत एक धागा आहे, तो लेखातून निसटला. प्रत्येक वेळी एकच ठरावीक द्रव्य, ठरावीक पद्धतीने काढलेलं, ठरावीक वाटेने दिलेलं, ठरावीक रोग्यांना, आणि कर्करोगाच्या बाबतीत मूळ उपचाराच्या जोडीला. ‘चिनी वनौषधींतली पॉलिसॅकराइड्स’ या नावाची चाचणी कुणी घेतलेली नाही, घेताच येणार नाही.

इथे मला एक गंमत सांगायचा मोह होतो. चिनी वैद्यांचा काढा म्हणजे पाण्यात उकळणं. पॉलिसॅकराइड्स पाण्यात उतरतात, अल्कोहोलमध्ये नाही. चीनमध्ये वनौषधींची इंजेक्शनं कारखान्यात बनू लागली तेव्हा आधी पाण्यात उकळायचं आणि मग त्यात भरपूर अल्कोहोल ओतायचं, अशी रीत पडली. अल्कोहोल पडलं की पॉलिसॅकराइड्स, प्रथिनं, स्टार्च यांचा ढगाळ साका खाली बसतो. तो गाळून टाकायचा आणि वरचं स्वच्छ पाणी ठेवायचं. म्हणजे आज ज्याच्यावर शोधनिबंधांचे ढीग निघतात, तो पदार्थ कारखाने गाळ म्हणून फेकत होते! चिनी वनौषधींतून आलेलं सगळ्यात गाजलेलं औषध आर्टेमिसिनिन, तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळवून देणारं. त्यांनी ते ईथरने काढलं. ईथरमध्ये पॉलिसॅकराइड औषधालाही उतरत नाही. पण आर्टेमिसिनिनची सोय अशी की तो एकच लहानसा रेणू आहे, त्याचं वजन 282, रचना कागदावर काढता येते, कुठल्याही देशातल्या क्यूसीला तो तपासता येतो. पॉलिसॅकराइडचं वजन हजारोंत, लाखोंत. एकाच मुळातले दोन रेणूही सारखे नसतात. जमीन बदलली, मुळाचं वय बदललं, किती वेळ उकळलं ते बदललं, की माल बदलला.

मग अशा मालाचा आकडा लेबलवर छापतात तरी कसा? सांगते, कारण पत्राचं कारणच ते आहे.

फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडची पद्धत. 1956 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातून आली. स्वस्त आणि झटपट. नमुन्यात थोडं फिनॉल घालायचं, वरून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं. ॲसिड साखरेच्या साखळ्या तोडतं, नळी तापते, नारिंगी-पिवळा रंग येतो, तो 490 नॅनोमीटरवर मोजायचा. पद्धत उत्तम. फक्त ती साखर मोजते, कुणाची साखर हे विचारत नाही. लेंटिनन असो, मक्याचा स्टार्च असो, स्टार्च तोडून केलेली माल्टोडेक्स्ट्रिनची भुकटी असो, रंग तोच. पद्धत इतकी संवेदनशील की नळ्या कापसाने किंवा टिश्यू पेपरने पुसायला आम्हाला मनाई असे. चिकटलेला एखादा तंतूसुद्धा रंग देऊन जायचा. नव्या मुली हमखास ओढणीच्या टोकाने नळी पुसत आणि दुपारभर त्या वाढीव आकड्याचं मूळ शोधत बसत.

तेव्हा ‘पॉलिसॅकराइड्स 50%’ असं लेबल बघितलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाचे?

माझी नणंद सांगलीला असते. स्तनाच्या कर्करोगाची केमो चालू असताना तिला ओळखीतल्या एका बाईंनी लिंगझी या चिनी औषधी अळिंबीच्या कॅप्सूलांची बाटली आणून दिली. बाई वाईट नाहीत. साखळी पद्धतीने विकतात, स्वतःही घेतात, हळदीकुंकवाच्या पिशवीतही त्यांचं माहितीपत्रक असतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात तोच पन्नास टक्क्यांचा आकडा. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे अळिंबीचं मायसेलियम असून धान्यावर वाढवलेलं आहे. मायसेलियम म्हणजे बुरशीचे पांढरे तंतू. ते शिजवलेल्या तांदळावर किंवा ज्वारीवर वाढवतात आणि मग तंतू धान्यासकट वाळवून दळतात, कारण धान्य वेगळं करता येत नाही. मी एक कॅप्सूल फोडली, भुकटी गरम पाण्यात कालवली, गार झाल्यावर जखमेला लावायच्या पोव्हिडोन-आयोडीनचे दोन थेंब पातळ करून सोडले. वाटी शाईसारखी निळीकाळी. स्टार्च! सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला प्रयोग.

लिंगझीच्या खऱ्या छत्रीत स्टार्च नसल्यात जमा असतो, म्हणून तिथे या प्रयोगाला अर्थ आहे. हुआंगछी हे मूळ आहे, मुळांत स्टार्च असतोच, तिथे तोच निळा रंग काही सिद्ध करत नाही. आणि माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलं असेल तर बहुधा निळा रंग येतही नाही. तेव्हा वाचकांनी घरोघरी आयोडीन घेऊन बसावं असं माझं म्हणणं नाही. नणंदेला मी म्हटलं, वन्सं, हे बरंचसं ज्वारीचं पीठ आहे. त्या म्हणाल्या, “असू दे गं, पैसे भरलेत, आणि घेतल्यावर जरा बरं वाटतं.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, बरं वाटण्याशी भांडू नये. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र केमो संपेपर्यंत बाटली बंद ठेवायला सांगितली. कारण साधं. आत काय आहे ते कुणालाच धड माहीत नाही, आणि रक्ताचे, यकृताचे रिपोर्ट बिघडले तर केमोमुळे बिघडले की याने, हे कळणार नाही.

हा आमच्या सांगलीच्या बाटलीपुरता प्रकार नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या लिंगझीच्या पूरकांच्या 19 बॅच तपासून 2017 मध्ये एक निबंध आला. लेबलशी जुळल्या पाच. बऱ्याच नमुन्यांत लिंगझीच्या पॉलिसॅकराइडऐवजी स्टार्चसारखं काहीतरी होतं. कर्करोगावर लिंगझीचा उपयोग तपासणारा, चाचण्यांचे निकाल एकत्र पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावाही लेखकाला सापडला असता. त्याचा निष्कर्ष असा की पहिला उपचार म्हणून लिंगझी वापरायला पुरावा पुरेसा नाही. नेहमीच्या उपचारासोबत पूरक म्हणून विचार करता येईल, तोही जपून. पाच छोट्या चाचण्यांवर उभा असलेला आढावा याहून जास्त काय बोलणार?

प्रयोगशाळेतल्या ‘पांढऱ्या पेशी उत्तेजित झाल्या’ या निष्कर्षांचंही एक गुपित आहे. मूळ जमिनीत वाढतं, जमिनीत जीवाणू असतात. काही जीवाणूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं आणि ते इतकं तिखट की नॅनोग्रॅममध्येही पांढऱ्या पेशी चवताळतात. पाण्याच्या अर्कात ते पॉलिसॅकराइडसोबत सहज उतरतं. मिसिसिपी विद्यापीठाच्या गटाने 2008 मध्ये दाखवलं की प्रतिकारशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या काही वनस्पतींच्या अर्कात पेशींवर जो परिणाम दिसतो, त्याचा बहुतांश वाटा वनस्पतीचा नसून तिच्यावरच्या जीवाणूंचा आहे. एंडोटॉक्सिन शोधायची नेहमीची चाचणी खेकड्याच्या लांबच्या नातलगाच्या, नालखेकड्याच्या, निळ्या रक्तापासून करतात. आता बघा कशी फजिती होते ती! त्या रक्तातला एक घटक बीटा-1,3 ग्लुकनलाही तसाच गोठून प्रतिसाद देतो. म्हणजे औषध असलं तरी चाचणी होकारार्थी, घाण असली तरी होकारार्थी. यावर उपाय आहेत, चांगल्या प्रयोगशाळा ते करतात. निबंधात ते केलेत का, हे बघायला निबंधाचा सारांश पुरत नाही, आतली पद्धत वाचावी लागते.

साखळ्यांच्या औषधात भेसळ ओळखणं किती अवघड असतं, ते सगळ्या औषध उद्योगाने 2008 मध्ये अनुभवलं. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन हे डुकराच्या आतड्यातून काढलेलं पॉलिसॅकराइड. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात कुणीतरी स्वस्त, रासायनिक बदल केलेलं दुसरंच पॉलिसॅकराइड मिसळलं होतं. नेहमीच्या चाचण्यांत ते हेपॅरिन म्हणून पास झालं. अमेरिकेत रुग्णांचे रक्तदाब कोसळले, माणसं गेली, तेव्हा एनएमआर या रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीत ते उघडं पडलं. आम्ही हेपॅरिन बनवत नव्हतो, तरी त्या वर्षी आमच्या खात्यात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. ते तर इंजेक्शन होतं, त्यावर जगभरच्या औषध नियंत्रकांची नजर होती. पूरक आहाराच्या बाटलीवर कुणाची असते?

आणि या प्रश्नाचं उत्तर चीननेच दिलेलं आहे, हे लेखात यायला हवं होतं. चिनी औषधसंहिता वनस्पतीगणिक हद्द घालून देते. गोजीच्या फळात पॉलिसॅकराइड किमान 1.8 टक्के, हुआंगचिंगच्या कंदात 7, लिंगझीत 0.9. होय, एक टक्काही नाही! छत्रीतच एवढं किमान धरलं असेल तर अर्क न काढता नुसत्या भुकटीत पन्नास कुठून येतात, याचा हिशेब वाचकाने करावा. थ्ये-फी शीहू या ऑर्किडच्या खोडात तर किमान 25 टक्के मागतात. ते महाग आहे, म्हणून भेसळही भरपूर. तिथे संहिता नुसत्या एकूण आकड्यावर समाधान मानत नाही. साखळ्या तोडून त्यातली मॅनोज साखर 13 ते 38 टक्क्यांत बसते का, आणि मॅनोज-ग्लुकोजचं प्रमाण 2.4 ते 8 च्या मध्ये येतं का, हेही तपासायला लावते. स्टार्च घालाल तर ग्लुकोज वाढेल, प्रमाण पडेल, चोर सापडेल. क्यूसीत आयुष्य काढलेल्या बाईला अशी ओळ वाचून काय आनंद होतो, तो मी कसा सांगू! आपल्याकडे बाटली आयात करणाऱ्याला एवढा एक कागद मागितला तरी पुष्कळ माल बंदरावरच अडेल.

लेखकाने ‘आपल्याकडे असं संशोधन का नाही’ असा सूर लावला आहे, तोही बरोबर नाही. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात गुळवेलीतून अरॅबिनोगॅलॅक्टन जातीचं एक पॉलिसॅकराइड वेगळं केलं गेलं, जी1-4ए असं त्याचं नाव, आणि उंदरांवर त्याचा कसून अभ्यास झाला. गंमत अशी की घरोघरी जे गुळवेल सत्त्व घेतात, ते बनवताना खोड ठेचून पाण्यात भिजवतात, गाळतात, पाणी निवळू देतात, वरचं पाणी ओतून देतात आणि तळाचा पांढरा साका वाळवतात. तळाला बसतो तो मुख्यतः स्टार्च. पाण्यात विरघळणारं पॉलिसॅकराइड मग कुठे गेलं असेल? मोरीत. सत्त्वाचे वैद्यकीय गुण वैद्यांनी सांगावेत, त्यांच्या कामात मी लुडबुड करत नाही. पण तुर्भ्याच्या निबंधाचा दाखला देऊन सत्त्व विकू नये, एवढं रसायनशास्त्र सांगतं.

गुळवेलीची दुसरी बाजूही मुंबईतूनच आली. करोनाच्या साथीत घरोघरी काढे उकळत होते. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, सगळे गुळवेल घेणारे; 2021 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, दुसऱ्याच जातीची वेल असेल म्हणून. पुढे देशातल्या 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची नोंद आली. प्रतिकारशक्ती जागी करणारी वस्तू सर्वांनाच मानवते असं नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली आहे, ज्यांना संधिवाताचे तसले प्रकार आहेत, ज्यांचं मूत्रपिंड बदललेलं आहे आणि ते टिकावं म्हणून जे प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घेतात, त्यांनी ‘इम्युनिटी’ हा शब्द वाचला की आधी डॉक्टरला फोन करावा. लेखात अशी एक ओळ असती तर मी हे पत्र अर्ध्यावर आणलं असतं.

माझी मागणी फार नाही. यापुढे अशा विषयावर छापाल तेव्हा परिणाम पेशींवर दिसला, उंदरावर की माणसावर, आणि माणसावर असेल तर इंजेक्शनने की तोंडावाटे, एकट्याने की केमोसोबत, हे त्याच वाक्यात छापा. पुढच्या परिच्छेदात नको, तिथवर कुणी पोचत नाही. आणि ज्या पानावर असा लेख असेल त्याच पानावर त्याच वस्तूची जाहिरात नको. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या कायद्याने मुळातच चालत नाही. तो दावा जाहिरातीऐवजी शेजारच्या लेखाने केला तर कायद्यात बसत असेलही. वाचकाच्या बाजूने बघितलं तर दोन्ही एकाच पानावर आहेत.

हुआयरवर स्वतंत्र लेख मात्र जरूर छापा. त्यातले आकडे तपासून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

आपली,
एक निवृत्त विश्लेषण-रसायनज्ञ
बोईसर, जि. पालघर
(नाव व पत्ता संपादकांकडे)

ता. क. लेखासोबत गोजी बेरीच्या चहाची कृती दिली आहे. हृदयाची झडप बदललेले बरेच वाचक रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेतात. वॉरफरिन घेणारी एक चिनी बाई रोज गोजीचा चहा पिऊ लागली आणि इतके दिवस जागेवर असलेला तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; तो फार वाढला की रक्तस्रावाचा धोका) 4.1 वर गेला; 2001 मध्ये ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं, आणि त्यानंतर आणखीही नोंदी झाल्या आहेत. असं औषध घेणाऱ्यांनी हा चहा करू नये, आणि केलाच असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता रक्त तपासून घ्यावं. एवढी सूचना पुढच्या रविवारी, कृती छापली होती तितक्याच मोठ्या अक्षरात छापावी.